तिलाच नको

१९ जानेवारी, रविवार

आज गोळी घेतली नाही.

नेहमीप्रमाणे डाळीच्या डब्यामागची बरणी काढली आणि मागून सासूबाईंचा आवाज आला, "ती गोळी कशाला खातीस उगं? अंग सुजायलंय तुझं. बंद कर की." मी बरणी हातात धरून तशीच उभी. पोट राहू नये म्हणून आठवड्यातून ही एक गोळी मी घेते, दर रविवारी, त्या देवपूजेला बसल्या की. इतकी वर्षं वाटत होतं, त्यांना पत्ता नाही. विचारलं, "आत्या, तुम्हाला ठाऊक होतं?" म्हणाल्या, "घर माझंच हाय की." आणि मेथी निवडायला बसल्या.

नवी वही आहे, तर एकदा सगळं लिहून टाकते, म्हणजे परत लिहायला नको. आम्हा दोघांना एचआयव्ही आहे, मला आणि संगमेशना. (तोंडानं 'अहो' म्हणते, वहीत तरी नाव घेईन.) काव्या पोटात असताना माझं रक्त तपासलं तेव्हा कळलं. तपासणी माझी आधी झाली, म्हणून रोगही माझाच ठरला. पुढे संगमेशच्या रक्तातही निघाला, तेव्हा घरात हा विषयच बंद झाला. कुणाकडून कुणाला, हे आजवर कुणी बोललेलं नाही. मला लग्नाआधी साधं टायफॉइडसुद्धा झालं नव्हतं. काव्या सहा वर्षांची आहे आणि तिला काही नाही. तीनदा तपासून घेतलंय.

पुन्हा दिवस जाऊ नयेत म्हणून मी काय काय केलं ते देवाला माहीत. आधी रोजची गोळी घेतली, तर रात्रीच्या औषधाबरोबर ओकाऱ्या. मग तीन महिन्यांचं इंजेक्शन घेतलं, तर महिना-महिना अंगावरून जायचं आणि मी साडीला डाग पडेल म्हणून माहेरच्या लग्नालासुद्धा गेले नाही. तांबी बसवायला गेले तर सिस्टरनं माझं कार्ड पाहिलं आणि "तुम्हाला निरोधच बरा" म्हणून पुढचीला हाक मारली. निरोध तर संगमेशनी कधी घरात आणलाच नाही. म्हणायचे, दोघांनाबी हाय, मग कुणाला कुणापासून वाचवायचं? आणि हसायचे. शेवटी ही रविवारची गोळी सापडली.

आणि आज सासूबाई स्वतःच बंद कर म्हणाल्या. नवी पेठेत कापडाचं दुकान, घरात एकच नात, तरी या बाईनं आजपर्यंत नातवाचं नाव काढलं नव्हतं. मी बार्शीला आईला सांगायचे, माझी सासू लाखात एक आहे. मनात इच्छा असणारच, आजारामुळे बोलत नसतील. दुसरं मूल तर मलाही हवंच आहे. मी मनातल्या मनातसुद्धा ते कधी नीट म्हटलं नव्हतं.

२२ जानेवारी, बुधवार

संगमेशना सांगितलं. ते जेवत होते. भाकरीचा घास खाली ठेवून म्हणाले, "आई म्हणाली? बंद कर म्हणून?" हो म्हटल्यावर ताटावरून उठले, सासूबाईंच्या खोलीत गेले आणि बराच वेळ दोघं कन्नडात बोलत होते. हे घर दोन भाषांचं आहे. गिऱ्हाइकाशी आणि माझ्याशी मराठी, आपसात कन्नड. मला भाजीवालीपुरतं येतं, त्यापुढचं नाही. आवाजावरून वाटलं, रागवत होते. माझ्या तब्येतीला जपतात म्हणून आईवर चिडले असणार.

परत आले आणि म्हणाले, "काव्या बास की आपल्याला." मी विचारलं का. म्हणाले, "असंच."

असंच हे काही उत्तर झालं का? पण मी वाद घातला नाही. पुरुषांना वेळ लागतो.

३ फेब्रुवारी, सोमवार

सेंटरवर एचआयव्हीच्या औषधाला गेले होते. नव्या समुपदेशक आल्या आहेत, चेतना मॅडम. माझ्याच वयाच्या, बोलायला घाई फार, पण मान वर करून बोलतात. आधीचे सर माझ्याशी बोलताना खिडकीकडे बघायचे. मी भीत भीत विचारलं, दुसरं मूल होऊ दिलं तर चालेल का? वाटलं होतं रागावतील. त्यांनी माझा आणि संगमेशचा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, "दोघांच्याही रक्तात विषाणू सापडत नाही इतका दबलेला आहे. औषध चुकवत नाही ना? मग हीच चांगली वेळ आहे. तुमचा हक्क आहे तो."

हक्क म्हणाल्या. रिक्षात मी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. रिक्षावाल्याला वाटलं मी पत्ता सांगतेय.

पहिलं बाळंतपण कुठे झालं, असं त्यांनी विचारलं. सांगितलं, पलीकडे कर्नाटकात, एका छोट्या नर्सिंग होममध्ये, सिझर झालं. सोलापुरात कुठल्याही दवाखान्यात पाऊल ठेवलं की दुकानाची चार गिऱ्हाइकं भेटतात, म्हणून सासूबाईंनी तिकडचं शोधलं होतं. मॅडमनी कार्डावर 'सिझर' लिहून त्याखाली रेघ ओढली. मग तिथल्या डॉक्टरांकडून गोळ्या लिहून घेतल्या, रक्तवाढीच्या.

९ मार्च, रविवार

आज हसावं की रडावं कळेना. संगमेशनी मेडिकलमधून निरोधचं पाकीट आणलं. स्वतः. कागदात गुंडाळून.

मी म्हटलं, आता? इतकी वर्षं मी हातापाया पडले तेव्हा नाही, आणि आता मूल हवंय तेव्हा? म्हणाले, "तुझ्या मॅडमच सांगतात की, वापरा म्हणून. तवा अक्कल न्हवती मला." मी समजावलं की मॅडमनीच आता थोडे दिवस निरोध नको म्हटलंय, बाळाला होण्याची भीती फार कमी आहे, औषध चालू आहे. ते मान हलवत राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उगं जोखीम कशाला."

त्यांना बाळाची भीती वाटतेय. काव्याच्या वेळी पहिला रिपोर्ट येईपर्यंत हा माणूस दुकानात बसून रडायचा, असं तिथल्या नोकरानं मला सांगितलं होतं. आतून मऊ आहेत. पण माणूस सुधारायला निघाला की नेमका अशाच वेळी निघतो. शेवटी महिन्यातले काही दिवस तरी पाकीट बाजूला ठेवायचं, असं कबूल करून घेतलं.

२० एप्रिल, रविवार

परत पाळी आली. ऊन असं आहे की गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांसारखे आपणच कडक होतोय.

नणंद दानेश्वरी आली आहे, होटगीहून. तिला सातवा लागलाय, पहिलंच, म्हणून बाळंतपण इकडे. तिला आमच्या आजाराचं माहीत नाही. माझं रात्रीचं औषध तिच्यासाठी थायरॉइडचं आहे. पोरगी चांगली आहे, दिवसभर पाय वर करून चिंच खाते आणि मला म्हणते, वहिनी, तुमीबी लावा की नंबर, दोघी मिळून खाऊ. मी म्हटलं, लावलाय.

सासूबाईंना म्हटलं, सिद्धेश्वराला जाऊन नवस बोलू या, तुम्ही बरोबर चला. त्या एकदम म्हणाल्या, "नवस बोलू नगंस. फेडायची येळ आली न्हाय तर पाप लागतंय." मी म्हटलं, येईल की वेळ. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. सात-आठ वर्षांत पहिल्यांदा. हात फिरवून आत गेल्या आणि कितीतरी वेळ बाहेर आल्या नाहीत. नातवासाठी जीव तुटत असेल बिचारीचा. मलाच अपराध्यासारखं झालं, की माझ्यानं अजून होत नाही.

१२ जून, गुरुवार

चेतना मॅडमच्या ओळखीच्या बायकांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. संगमेशना बरोबर चला म्हटलं तर दुकानात गठ्ठे येणार होते. त्यांचे गठ्ठे माझ्याच कामाच्या दिवशी येतात.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, पाचच महिने झालेत, घाई कशाला? मी म्हटलं, मी बत्तीस वर्षांची आहे आणि मला वाट बघत बसायचं नाही. काव्याच्या वेळी पहिल्याच महिन्यात राहिले होते, आता का नाही? सोनोग्राफीत सगळं ठीक आहे. मग म्हणाल्या, गर्भाशयात औषध सोडून नळ्यांचा एक्स-रे काढू, पाळी झाली की या. आजाराचं सांगितलं, तर नुसतं लिहून घेतलं आणि पुढे बोलायला लागल्या. एवढ्यानंसुद्धा मला रडू येत होतं. काय एकेक सवयी लागतात माणसाला.

घरी येऊन सांगितलं. संगमेश म्हणाले, "असले एक्स-रे काढू नगं. कॅन्सर हुतो." कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाले, वाचलंय. हा माणूस पेपरात फक्त कापसाचे भाव वाचतो.

२७ जून, शुक्रवार

आजचं आजच लिहून ठेवते.

एक्स-रे झाला. दुखलं. डॉक्टर मॅडमनी फिल्म दिव्यावर लावली, बराच वेळ पाहिली आणि मला विचारलं, "तुमचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय ना?"

मी म्हटलं, नाही.

"अक्षताबाई, दोन्ही नळ्या एकाच जागी बंद आहेत. हे आपोआप असं होत नाही. सिझरच्या वेळी करून घेतलं असेल. आठवून बघा."

मी म्हटलं, आठवायचं काय त्यात? मी गोळ्या खात होते की. ऑपरेशन झालेली बाई गोळ्या खाईल का? आधी त्यांना वाटलं मी लपवतेय. मग त्यांचा चेहरा बदलला आणि त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, "सिझरला आत जाताना कागदावर सही कुणी केली होती?"

मी रिक्षा करून घरी आले नाही. नवी पेठेत गेले. गाडे, सायकली, गर्दी, दुपारची वेळ. दुकानात संगमेश गिऱ्हाइकापुढे साड्या टाकत होते. मला बघून हातातली साडी तशीच राहिली. मी म्हटलं, वर चला. वर माळ्यावर गठ्ठे असतात, उभं राहायला जागा नसते. तिथे उभं राहून विचारलं, माझं ऑपरेशन केलं होतं का तिथं?

कुठलं ऑपरेशन, असं त्यांनी विचारलं नाही. तिथंच मला कळलं.

म्हणाले, "डॉक्टरनं अट घातली हुती. केस घेतो, पण त्यासोबत हेबी करून टाकायचं. न्हायतर दुसरीकडं घेऊन जावा. तुला कळा सुरू हुत्या. मी कुटं नेणार हुतो तुला?"

"आणि आत्या?"

"आई म्हणाली, करून टाक. आपलंच काय हुतंय ठाऊक न्हाय, आनि लेकरं कशाला मागं सोडायची."

मी म्हटलं, मला कमरेत सुई दिली होती. मी बेशुद्ध नव्हते. पडद्याच्या या बाजूला मी जागी होते, तुम्हाला मला विचारता आलं असतं. पलीकडे सगळे कन्नडात बोलत होते आणि मी तिथल्या नर्सला विचारत होते, बाळ कसं आहे, बाळ कसं आहे. तिला वाटलं मला पाणी हवंय.

ते म्हणाले, "तू न्हाय म्हणली असतीस."

मला वाटतं हे वाक्य त्यांनी खरंच कारण म्हणून सांगितलं. यात काही चुकतंय असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

मग मी गोळ्यांचं विचारलं. त्या ओकाऱ्या, ते अंगावरून जाणं, ती सिस्टर, ते रविवार. म्हणाले, "तूच आणत हुतीस. सांगायचं म्हणलं की तोंडच उघडत न्हवतं माझं." आणि मार्चमधलं पाकीट? तर म्हणाले, "तुला वाटावं की त्याच्यामुळं राहीना."

खालून नोकरानं हाक मारली, इरकलचा निळा गठ्ठा कुठे आहे म्हणून. संगमेशनी माझ्या मागचा गठ्ठा ओढला, म्हणजे मला बाजूला व्हावं लागलं, आणि खाली गेले.

२८ जून, शनिवार

सासूबाईंना विचारलं. दानेश्वरी झोपली होती, म्हणून हळू आवाजात. भांडायचं तेही कुजबुजत.

त्या रडल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणून तर तुला म्हणलं, गोळी खाऊ नगंस. मला कीव यायची तुझी. उगं अंगाचं वाटोळं करून घेत हुतीस."

मी जी दया समजले ती दयाच होती. इतकी वर्षं मी चोरून गोळी घ्यायचे आणि ही बाई देवापुढे बसून माझ्याकडे बघायची. नातू मागत नव्हती, कारण नातवाचा दरवाजा हिनंच लावला होता. आणि मी माहेरी हिचं कौतुक सांगायचे.

३ जुलै, गुरुवार

चेतना मॅडमना सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्या आणि परत बसल्या. म्हणाल्या, हा गुन्हा आहे, डॉक्टरचा आणि सही करणाऱ्या नवऱ्याचाही, न विचारता बाईचं ऑपरेशन करता येत नाही. तक्रार करू. मी विचारलं, नळ्या परत जोडता येतात का? डॉक्टर मॅडमशी त्या फोनवर बोलल्या होत्या. तिथे नळीचा मोठा तुकडाच काढलेला दिसतो, जोडून उपयोग होईल असं त्यांना वाटत नाही.

मग तक्रारीचं मी नको म्हटलं. मॅडमना राग आला, पण त्यांना कळत नाही. व्यापाऱ्याच्या घरात एका मुलीवर ऑपरेशन कोण करतं? पहिलाच प्रश्न तो येणार, का केलं? आणि त्याला एकच उत्तर आहे. ते उत्तर बाहेर पडलं की काव्याच्या शाळेत पडतं, दुकानात पडतं, बार्शीला माझ्या भावाच्या घरी पडतं. कायद्यानं नाव लपवता येतं, मॅडम म्हणाल्या. कायदा सोलापुरात राहत नाही. माझ्यावर काय केलंय हे मी सांगू शकत नाही, कारण ते कशासाठी केलं हे मला सांगता येणार नाही. संगमेशनाही हे ठाऊक आहे. म्हणून तर ते रात्री शांत झोपतात.

११ जुलै, शुक्रवार

दानेश्वरीला मुलगा झाला, परवा. शिरा, मेथीचे लाडू, शेक-शेगडी, सगळं मी करतेय. फक्त बाळाला हात लावायचा नाही. सासूबाई कारण दरवेळी नवं काढतात. तुझे हात गार हायत, तू आत्ताच कांदा चिरलास, तुझ्या बांगडीचं टोक लागंल. दानेश्वरी म्हणते, आई, वहिनीला दे की जरा. सासूबाई म्हणतात, तिचा स्वैपाक राहिलाय.

२१ जुलै, सोमवार

आज बारसं होतं. क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

घर बायकांनी भरलं होतं. होटगीची माणसं, गल्लीतल्या, आणि मंद्रूपहून सासूबाईंच्या मोठ्या बहीण रत्नम्मा मावशी. त्यांच्यापुढे कुणाचं चालत नाही. पाळण्यात घालायच्या आधी त्या म्हणाल्या, "अक्षताच्या ओटीत द्या आधी लेकरू. काव्याच्या पाठीवर अजून काय न्हाय तिला. हिच्या ओटीत घातलं की हिलाबी हुईल." कुणाला काही कळायच्या आत त्यांनी बाळ उचलून माझ्या पदरात ठेवलं.

पहिल्यांदाच घेतलं मी त्याला. जड आहे चांगला. त्यानं जांभई दिली.

सासूबाई पुढे आल्या. "तिला कशाला देतीस? तिलाच नको हाय दुसरं. शिकलेली हाय, एकावर बास म्हणती. मी किती सांगितलं."

म्हणजे इतकी वर्षं त्या बाहेर हेच सांगत होत्या. गल्लीतल्या बायकांनी लगेच माना डोलावल्या, त्यांनी हे आधी ऐकलेलं होतं. एकजण म्हणालीसुद्धा, आजकालच्या पोरींना फिगर पायजे. मी त्यांच्याशी रोज बोलते, आणि त्यांच्या डोक्यात मी ही अशी बाई होते, सासूला नातू न देणारी.

माझा तोल गेला म्हणा. मी म्हटलं, "मला हवं होतं, मावशी. यांनी माझं ऑपरेशन करून टाकलंय. काव्याच्या वेळी. मला न सांगता."

एवढंच बोलायचं ठरवलं होतं असंही नाही. पण बोलताना एक गोष्ट मला कळत होती, की याच्यापुढचा प्रश्न आता मला नाही, त्यांना येणार आहे. आणि तो आलाच. रत्नम्मा मावशी बहिणीकडे वळल्या. "एका पोरीवर ऑपरेशन? का गं शिवबाई? दुकान कुणाला द्यायचं हुतं?"

सासूबाईंना घाम फुटला. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी काहीतरी सावरून घेईन म्हणून. नेहमी मीच सावरते. मी बाळाकडे बघत बसले. सगळ्या बायका थांबल्या होत्या. मग सासूबाई म्हणाल्या, "तिच्या रगतात रोग हाय. एड्सचा. डॉक्टरनं सांगितलं म्हणून केलं. आमी काय हौसेनं केलं व्हय?"

लेकाचं नाव नाही. तिच्या रगतात.

दानेश्वरीनं बाळ माझ्या मांडीवरून उचललं. ओढलं नाही, उचललं, पण पदरात त्याचा पाय अडकला होता तो सोडवायलाही थांबली नाही. माझा पदर खांद्यावरून खाली आला. ज्या बाईच्या हातात मी चहा दिला होता तिनं कप खाली ठेवला. कुणीतरी विचारलं, "आनि पोरगी?" काव्या पाळण्याला फुगे बांधत होती. सगळ्याजणी तिच्याकडे बघायला लागल्या, तेव्हा तिनं फुगा सोडून दिला.

मी उठले. म्हटलं, "काव्याला नाही. तीनदा तपासलंय. मला आहे, आणि तुमच्या संगमेशला माझ्या आधीपासून आहे. मी ह्या घरात आले तेव्हा निरोगी होते."

दानेश्वरीनं विचारलं, "दादालाबी?" आईला विचारलं, मला नाही. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. नाव न ठेवताच बायका निघाल्या.

२६ जुलै, शनिवार

दानेश्वरी दुसऱ्याच दिवशी गेली. जाताना स्वैपाकघराच्या दारात आली, काहीतरी बोलायचं होतं तिला. मग म्हणाली, "लाडू नेऊ का?" मी म्हटलं, ने. तिनं डबा घेतला. ती गाडीत बसली तेव्हा तो डबा ओट्यावर तसाच राहिलेला दिसला. बाळाचं नाव होटगीला ठेवलं म्हणे, काय ठेवलं ते मला कुणी सांगितलं नाही.

काव्याच्या व्हॅनमधल्या दोन मुलींना त्यांच्या आया आता स्वतः सोडायला येतात. शाळेत बाईंना मी स्वतःच जाऊन भेटले, रिपोर्ट घेऊन. त्या बऱ्या बोलल्या. पुढचं पुढे. बार्शीहून भावाचा फोन आला, आणि बोलला फक्त आजाराबद्दल. ऑपरेशनचं त्यानं विचारलंच नाही. मूल होणार नाही यात कुणालाही काही मोठं वाटत नाही, असंच दिसतंय. असल्या बाईला मूल हवं तरी कशाला, हे ते तोंडानं बोलत नाहीत एवढंच.

सासूबाई म्हणतात, "तूच तोंड उघडलंस." खरं आहे. पण निम्मंच मी उघडलं होतं.

आणि काल भाकरी थापताना लक्षात आलं, की आता लपवायला माझ्याकडे काही राहिलं नाही. ज्याच्या भीतीनं गप्प बसले होते ते सासूबाईंनी स्वतःच्या तोंडानं करून टाकलं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

चेतना मॅडमबरोबर बसून तक्रार लिहिली. दुपार गेली. त्यांनी परत सांगितलं, तुमचं नाव झाकता येईल. मी म्हटलं, राहू दे, उघडंच घाला. मिळणार काय, तर बहुतेक काही नाही. तो डॉक्टर दुसऱ्या राज्यात, इतकी वर्षं झालेली. मॅडमनी खोटी आशा दाखवली नाही. मूल तर होणार नाहीच. मला मूल हवं होतं, काव्याच्या पाठीवर, आणि ते होणार नाही, हे एकदा इथे नीट लिहून ठेवते. संध्याकाळी बसमध्ये रडले. शेजारच्या बाईनं खिडकीची जागा दिली.

घरी आले तर संगमेश दुकान लवकर बंद करून बसले होते. हल्ली गिऱ्हाईकही कमी आहे. म्हणाले, "त्या डॉक्टरचं नाव घाल. त्यानंच अट घातली हुती, त्याला सोडू नगं. पर माझं कशाला घालतीस? काव्याचा बाप हाय मी. तुझा नवरा हाय."

मी चपला काढत होते. म्हटलं, "डॉक्टर मला ओळखत नव्हता. तुम्ही ओळखत होतात."

मग काव्याचा गृहपाठ घेतला.